आईच्या वाटचे उपास

माझ्या आईने आयुष्यात एकही उपास धरलेला नाही, तरी पुण्याच्या बाबतीत ती कुणाला हार जात नाही. याचं कारण माझी मावशी. दोघी जुळ्या. दिसायला इतक्या सारख्या की लहानपणी त्यांचे वडील एकीलाच दोनदा जेवायला वाढायचे आणि दुसरी रडत बसायची, असं दोघीही सांगतात. उपाशी राहिलेली ती मीच, असंही दोघीही सांगतात.

आईला सोलापुरात दिली, मावशीला मंद्रूपला. आईच्या वाट्याला कारकुनाचं घर आणि चार-चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी आलं. मावशीच्या वाट्याला ज्वारीचं रान आणि विहीर. लग्नानंतर दोघींनी आपसात एक व्यवस्था लावून घेतली. आईला उठल्या उठल्या चहा लागतो. चहा मिळेपर्यंत ती माणसात येत नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला माणसात राहू देत नाही. तेव्हा संकष्टी असो, सोमवार असो, आईच्या वाटचे उपास मावशीने करायचे. मावशीला शेतातून उठून सोलापूरला यायला सवड नसायची, म्हणून तिच्या वाटचं सिद्धेश्वराचं दर्शन आणि नारळ आईने करायचा. एक उपाशी राहायची, दुसरी खोबरं खायची, आणि पुण्याचा सातबारा दोघींच्या नावावर. माझ्या वेळी आईला दिवस गेले तेव्हाचे सोळा सोमवारही मावशीनेच केले. त्यामुळे मला रागावण्याचा निम्मा हक्क तिच्याकडे आहे आणि ती तो पुरेपूर वापरते.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. आम्ही जुळे सोलापूर नावाच्या वस्तीत राहतो. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत.

आई आली ती मधुमेह बरोबर घेऊनच. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला वाटलं की पन्नास पोरांना वळण लावणाऱ्या बाईला एक आई काय जड? पण पोरं निदान चुकली की मान खाली घालतात. आईकडे प्रत्येक घासाचं समर्थन तयार असायचं. डॉक्टरांनी एकदा सांगितलं, "भात कमी करा, ज्वारी खा." हे वाक्य आईने पदराला गाठ मारून ठेवलं. थंडी पडली, मंद्रूपला हुरडा आला, आणि आई मावशीच्या रानात आगटीजवळ बसून गुळाच्या खड्याबरोबर मूठ-मूठ हुरडा चोळून खाऊन आली. मी ओरडले तर म्हणाली, "हुरडा म्हणजे कोण? ज्वारीच की. डॉक्टरांनीच खा म्हटलंय."

"आणि गूळ?"

"गूळ काय मी एकटीनं खाल्ला? तोंडी लावायला सगळ्यांनाच दिला होता."

तरीही मी निश्चिंत होते, कारण तिचे रिपोर्ट फार सुरेख यायचे. दर काही महिन्यांनी प्रयोगशाळेची बाई सकाळी, मी शाळेत असताना, घरी येऊन उपाशीपोटी रक्त घेऊन जायची आणि संध्याकाळी माझ्या मोबाइलवर रिपोर्ट यायचा. त्यात तीन महिन्यांच्या साखरेची एक तपासणी असते. ही तपासणी मला फार आवडायची. नुसती सकाळची साखर म्हणजे आदल्या रात्री घोकंपट्टी करून पास होण्यासारखं. दोन दिवस पथ्य पाळलं की झालं. तीन महिन्यांच्या तपासणीत तशी लबाडी चालत नाही, आधीचं सगळं खाल्लेलं बाहेर पडतं. आणि त्यातही आई वर्गात पहिली! मी स्टाफरूममध्ये तिचे आकडे वाचून दाखवायचे. माझ्या शिस्तीचं हे फळ आहे, असं मला मनापासून वाटायचं.

गेल्या वर्षी आईच्या पायांवर सूज यायला लागली. चपलेचे पट्टे रुतायचे. लघवीला फेस येतो, हे तिने मला सांगितलं नाही, मावशीला सांगितलं आणि मावशीने मला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटेपालटे केले, डोकं खाजवलं आणि किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्या दवाखान्याने भेटीच्या आधी रक्ताची नवी तपासणी आणि सकाळची पहिली लघवी सांगितली. नमुने द्यायच्या त्या दिवशीही मी सकाळी शाळेतच होते. मावशी आदल्या संध्याकाळीच येऊन राहिली होती. आईची तपासणी असली की ती हटकून यायची. बहिणीचा जीव, दुसरं काय, असं मी समजायचे आणि मला भरून यायचं.

किडनीच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या. बोलण्याची हौस असलेल्या. अशा माणसाशी माझं लगेच जमतं. रिपोर्ट आल्यावर आम्ही तिघी गेलो तेव्हा मावशी बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसली, मी आणि आई आत गेलो. बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि त्यांचे डोळे चमकले.

"हे बघा, किती मजेशीर आहे. आजींची साखर इतकी चांगली आहे. तीन महिन्यांची सहा पूर्णांक दोन. गोळ्या चालू असताना याहून चांगली मी मागणारच नाही. आणि तरी लघवीतून प्रथिनं चाललीत. म्हणजे किडनीची गाळणी खराब होतेय. साखर ताब्यात असताना असं का व्हावं?"

मी वर्गातल्या हुशार मुलीसारखी मान हलवली. आईने पंख्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरी फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावलीय का?" बाईंनी विचारलं.

लावली होती. कुणी चुकून बंद करू नये म्हणून आईनेच लावली होती.

"तसंच आहे हे. आपल्या पेशींतली जनुकं म्हणजे बटणांचा बोर्ड. जन्माला येताना जो मिळाला तो मिळाला, तो बदलत नाही. पण कुठलं बटण चालू राहायचं आणि कुठलं बंद, ते ठरवणाऱ्या बारीक रासायनिक खुणा वरून बसतात. साखर बरीच वर्षं चढलेली राहिली की किडनीच्या पेशींत नको त्या बटणांवर अशी पट्टी बसते. सूज आणणारी, गाळणीवर वण धरायला लावणारी बटणं चालूच राहतात. पुढे माणूस शहाणा होतो, साखर उतरते, पण पट्टी निघत नाही. शरीर जुनं विसरत नाही. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. जगभर यावर अभ्यास चाललाय. पट्टी सोलून काढायचं औषध मात्र अजून आमच्या हातात नाही."

किती सुंदर समजावलं! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हणजे माझ्या राज्यात सगळं आलबेल होतं. जे बिघडलं ते माझ्याकडे यायच्या आधीचं होतं. हा खुलासा मला इतका सोयीचा होता की मी आणखी दोन प्रश्न विचारून तो पुन्हा सांगायला लावला.

"साखर इतकी चांगली आहे तर एक गोळी आपण कमी करू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात सिस्टर आत आल्या. इथे आलेल्या प्रत्येक पेशंटच्या बोटाला टोचून साखर बघायची पद्धत होती आणि आईची राहून गेली होती. टोचलं. छोट्या यंत्रावर आकडा उमटला. सिस्टरांनी तो पाहिला, यंत्र झटकलं, दुसरं बोट टोचलं. दोन्ही वेळा तीनशेच्या वर.

बाईंचं पेन हवेतच राहिलं. "असं कसं? तीन महिने इतकी छान साखर, आणि आज अचानक?" त्या पुन्हा रिपोर्ट चाळायला लागल्या. प्रयोगशाळेला फोन लावू का, असं पुटपुटल्या.

आईला त्यांची दया आली असावी. ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, "कशाला त्या रक्त नेणाऱ्या पोरीला बोल लावता? ते रक्त माझं नव्हतंच की."

"मग कुणाचं?"

"बहिणीचं. तुम्हीच तर उपाशीपोटी द्या म्हणता. माझे उपास तीच करते."

बाईंनी रिपोर्ट मिटला.

"आणि लघवी?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"ती माझीच. तिला कुठं उपास लागतो?"

मी बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक असते. माझ्या वर्गात डमी उमेदवार बसवायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. आणि माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझ्या आईच्या नावाने मावशी दंड पुढे करून बसत होती, आणि आतल्या खोलीत आई आल्याचा चहा पीत होती! तेही एकदा नाही, गेली काही वर्षं. दोघींनी ताकाला तूर लागू दिली नाही, असंही म्हणता येणार नाही, कारण लपवलं काहीच नव्हतं. मी कधी विचारलंच नाही, हे आईचं म्हणणं. आता, तुझं रक्त तू स्वतःच दिलंस ना, असा प्रश्न जगात कोणती मुलगी आईला विचारते?

"बोलवा त्यांना आत," बाई म्हणाल्या.

मावशी आत आली. आईपेक्षा सडपातळ, उन्हाने रापलेली, पण नाक, कपाळ, हनुवटीवरचा खळगा, सगळं तेच. बाईंनी आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मावशीला वाटलं, आपलं स्वागत होतंय. तिने पिशवीतून शेंगाच्या चटणीचा डबा काढून टेबलावर ठेवला.

मी मात्र हसले नाही. ते सगळे सुरेख आकडे मावशीचे होते, तर आईची साखर इतकी वर्षं कुठे होती? ज्या खुणा जुन्या आणि माझ्या राज्याबाहेरच्या म्हणून मी सुटका करून घेतली होती, त्या माझ्या डोळ्यांदेखत, रोज, हुरड्याच्या आणि गुळाच्या घासाबरोबर बसत होत्या. खुलासा तंतोतंत खरा होता, फक्त आम्ही त्यातल्या शहाण्या झालेल्या माणसाच्या आधीच्या पायरीवर होतो. मला आईचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिची किडनी जाईल, अशी भीतीही वाटली.

बाईंनी ते ओळखलं असावं. त्या गंभीर झाल्या आणि मावशीला साध्या शब्दांत सांगितलं की बहिणीच्या किडनीला इजा पोचली आहे.

मावशीने एक क्षणही घेतला नाही. "मग माजी एक काढा की. दोन हायती न्हवं मला? हिच्या-माज्यात काय वाटणी झालेली न्हाय. रानातली हीर सामाईक असती, तसं समजा."

"मावशी, इतकं झालेलं नाही. औषधं आहेत, पथ्य आहे, आता खरी साखर कळली तर खूप काही सांभाळता येईल," बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर पुन्हा कागदावर गेली आणि तिथेच अडकली. "मावशी, तुम्हाला साखरेची कुठली गोळी आहे?"

"मला? न्हाय बा. मला काय झालंय? मी रानातली बाई."

"रानात रोज जाता?"

"आता पोरं बघत्यात की. गुडघं दुखत्यात माजं. मी आपली घरात, टीव्ही म्होरं."

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "हा सहा पूर्णांक दोनचा आकडा गोळ्या घेणाऱ्या माणसाचा असता तर मी पेढे वाटले असते. पण हे रक्त तर गोळ्या न घेणाऱ्या बाईचं आहे. मावशी मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. आणि या दोघींचा बोर्ड एकच आहे. एकीच्या बटणांवर पट्ट्या बसल्यात. दुसरीच्या अजून बसलेल्या नाहीत, किंवा फार थोड्या बसल्या असतील. शरीर वाईट लक्षात ठेवतं, तसं चांगलंही ठेवतं. सुरुवातीलाच साखर आवरली तर त्याचा फायदा पुढे कितीतरी वर्षं मिळतो."

खोट्या रक्ताने, खोट्या नावाने, मावशीची खरी तपासणी होऊन गेली होती. एरवी मंद्रूपहून उठून तिने स्वतःसाठी बोटाला सुईसुद्धा लावून घेतली नसती.

"बेड, बेड," मावशी हात झटकत म्हणाली. तिकडे सीमेजवळ राहून तिच्या नकाराला कानडी वळण लागलंय. मनापासून नको असलं की ती मराठीत नको म्हणत नाही. "मला काय बी झालेलं न्हाय. हिचं बघा आदी."

आणि तेव्हा मी आईकडे पाहिलं. इतका वेळ पंख्याकडे बघणारी माझी आई मावशीकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. स्वतःच्या किडनीचं ऐकूनही तो उतरला नव्हता.

घरी आल्यावर मावशीने चहा टाकला, तो आईने घेतला नाही. माझ्या जन्मात हे पहिल्यांदा घडत होतं. मी जवळ जाऊन बसले. रागावण्याची पूर्ण तयारी केली होती. सातवीच्या वर्गासाठी राखून ठेवलेला आवाज काढणार होते. आई म्हणाली, "माझ्यामुळं आलं ते तिच्याकडं."

"काय?"

"सुई टोचताना नाव माझं सांगायची ती. माझे उपास केले, पुण्य मला आलं. मग माझ्या नावचं रक्त दिलं, तर रोग तिला नाही का येणार? इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर साफ चूक होतं. दोघी एका गर्भातल्या, जनुकं सारखी, दोघींनाही धोका पहिल्यापासूनच होता. नाव सांगितल्याने साखर चढत नाही. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि समोरचा चहा निवत होता, आणि तिने त्याला हात लावला नव्हता. मी तोंड मिटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत चुकीच्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मी त्या दिवशी पहिल्यांदा दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी दिसली. चांगली चार पदरी. मला घरातल्या बाकीच्यांचा चहा करायला कात्री शोधावी लागली.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी पोरांच्या बाबतीतही कधी केलेलं नाही. आईने मावशीवर राज्य करायला घेतलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "ताट दाखव. जवळ ने. ते वाटीत काय आहे?" मावशी म्हणायची आमटी हाय, आई म्हणायची हलवून दाखव. चालायला गेलीस का, तर गेले. मग मागं मारुतीचं देऊळ दाखव. मावशीला देवळापाशी जाऊनच फोन उचलावा लागायचा. आणि बहिणीला सांगायचं तर स्वतःही करावं लागतं, हा आईच्या स्वभावातला जुना न्याय. ती आमच्या कॉलनीत फेऱ्या मारायला लागली. गोळ्या वेळेवर, जेवणात मीठ बेताचं. अळणी भाजीचा पहिला घास घेताना तिने जो चेहरा केला, तो मी अजून विसरले नाही, पण तिने ताट संपवलं. शेंगाची चटणी बंद झाली त्या दिवशी मात्र तिने सगळ्या वैद्यकशास्त्राला नावं ठेवली.

थंडीत हुरड्याचं आवतण आलं. आई गेली, मी पाठोपाठ पहारेकरी म्हणून गेले. आगटीतून कणसं निघाली. आईने एक मूठ हुरडा घेतला, मावशीला एक मूठ दिली आणि गुळाची परात उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. "तू खा," म्हणाली, "तुझ्या बोर्डावर अजून जागा आहे." मला तो गूळ गोड लागला नाही. त्यांचीच लेक मी, बोर्ड कुठून आलाय ते मला चांगलं माहीत होतं.

परवा पुन्हा तपासणी होती. या वेळी मी शाळेत रजा टाकली. मावशी आदल्या दिवशीच आली होती, कारण आता रक्त दोघींचं द्यायचं होतं. लघवीतली प्रथिनं मधल्या तपासणीत गेली नव्हती, पण वाढलीही नव्हती. जे झालंय ते पुसलं जाणार नाही, पण आहे तिथे बराच काळ रोखून धरता येईल, असं बाईंनी सांगितलं होतं. यावर आई समाधानी होती. मी नव्हते. मला सगळं पुसून हवं होतं. पण मला कोण विचारतो?

सकाळी मी उठले तेव्हा दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, आंघोळी करून, धुतलेली लुगडी नेसून, देवाला जायचं असल्यासारख्या. गॅस बंद होता. आई जागी होऊन तास झाला असावा, आणि चहाशिवाय ती कुणावरही खेकसत नव्हती. फक्त तिची बोटं मांडीवर सारखी हलत होती.

मावशीला तिची दया आली. ती हळूच म्हणाली, "तू जाऊन घोटभर च्या पी जा. मी हाय की उपाशी."

"बेड," आई म्हणाली. तिच्या तोंडून कानडी मी पहिल्यांदाच ऐकली.

प्रयोगशाळेची बाई आली. तिने सुई काढली, एकीकडून दुसरीकडे पाहिलं आणि गोंधळली. "यातल्या कोण पेशंट?"

आईने पदर खांद्यावर सारला आणि स्वतःचा दंड पुढे केला.

"आजवर हिनं माझ्या वाटचे उपास केले," ती त्या बाईला म्हणाली. "हा हिच्या वाटचा मी केलाय."